सुनावणीला बोलावलंय. जाऊ का?

शेवटचा_बाक
आमच्या भागातला एक रस्ता रुंद करायचं चाललंय. त्यात मैदानाची एक बाजू जाणार आणि वाचनालयाचं आवार अर्ध्यावर येणार. वर्तमानपत्रात आतल्या पानावर, भिंग घेऊन वाचावी अशी नोटीस आली होती. ती बाबांच्या नजरेस पडली म्हणून आम्हाला कळलं तरी. मी हरकतीचा अर्ज दिला. काल पत्र आलं: पुढच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता सुनावणीस उपस्थित राहावे, 'अनुपस्थित राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल'.

अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागेल, त्याचं काही नाही. पण आमच्याच इमारतीतले दोघं मागे अशाच एका सुनावणीला गेले होते. साहेब मोबाइलमध्ये डोकं घालून, तीन मिनिटं झाल्याबरोबर 'चला, पुढचे' आणि चार महिन्यांनी निर्णय आला तो मूळ प्रस्तावासारखाच, स्वल्पविरामासकट. तेव्हापासून ते दोघं 'सुनावणी' हा शब्द ऐकला की हसतात.

तर तुमच्यापैकी जे कधी गेलेत, किंवा टेबलाच्या पलीकडे बसलेत, त्यांना विचारतो. याने कधी काही बदलतं का? की ठरलेल्या लग्नात अक्षता टाकायला बोलावतात तसं बोलावतात?

खडूस
जा. खुर्च्या चांगल्या असतात.

अर्धविराम
'आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.' माझा अनुभव असा की उपस्थित राहून घसा कोरडा करून बोललात तरी तेच समजण्यात येतं :-)

रेघोटी
टेबलाच्या पलीकडे बसलेलं कुणी हवंय ना? मी. नगररचनेच्या कामात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त. काही गोष्टी मोकळेपणाने लिहिते, शिव्या नंतर घाला.

हरकती येतात तेव्हा आधी त्यांची विषयवार वर्गवारी होते. एकाच मजकुराच्या झेरॉक्स प्रती, खाली फक्त नाव आणि सही वेगळी, असे गठ्ठेच्या गठ्ठे येतात. लोकांना वाटतं संख्येने दडपण येईल. प्रत्यक्षात तो सगळा गठ्ठा टिपणीत एका ओळीत जातो: 'अशाच आशयाच्या इतर हरकती'. उलट हाताने लिहिलेला एकच कागद, त्यात आम्हाला ठाऊक नसलेली एक गोष्ट असेल, तर तो बाजूला काढून ठेवावाच लागतो. कारण उद्या काही झालं तर तो कागद आमच्या फाइलमध्ये असतो.

एक उदाहरण सांगते. एका प्रस्तावित रस्त्याची आखणी नकाशावर अगदी सरळसोट दिसत होती. सुनावणीत एक आजी आल्या. भाषण नाही, घोषणा नाही. पिशवीतून दोन फोटो काढले. जिथून रस्ता जाणार तिथे पावसाळ्यात गुडघाभर पाणी उभं होतं. म्हणाल्या, इथे पूर्वी ओढा होता, तो बुजवला, पण पाण्याला ते कुणी सांगितलेलं नाही. आमच्या मूळ नकाशात ओढा नव्हताच. पुन्हा मोजणी झाली आणि आखणी सरकली. आजींनी दीड मिनिट घेतलं असेल.

आता दुसरी बाजू. असं क्वचित होतं, आणि ते का, हे सांगायला हवं. प्रस्ताव तुमच्यापुढे येतो तोवर तो पाच-सहा खात्यांतून फिरून आलेला असतो. प्रत्येकाची सही झालेली असते. तुमच्या हरकतीत तथ्य आहे असं मला मनातून वाटलं तरी ती मान्य करायची म्हणजे त्या सगळ्या सह्या पुन्हा गोळा करायच्या. नाकारायची तर एक वाक्य पुरतं: 'प्रस्ताव सार्वजनिक हिताचा असल्याने हरकत अमान्य.' आता आठ तासांच्या दिवसात माणूस काय निवडेल, तुम्हीच सांगा. साहेब दुष्ट असतात असं नाही. रचनाच अशी आहे की 'नाही' म्हणणं स्वस्त आणि 'हो' म्हणणं महाग.

सांजवारा
रेघोटीताई, 'पाण्याला ते कुणी सांगितलेलं नाही' याला दंडवत. आजींना सुनावणीची अध्यक्ष करा.

कलम_बहाद्दर
(वकील आहे, पण हा सल्ला नव्हे, गप्पा.)

बाकसाहेब, आधी हे पाहा की सुनावणी कुठल्या कायद्याखाली आहे. नोटिशीच्या पहिल्या दोन ओळींतच असतं. सगळ्या सुनावण्या एका मापाच्या नसतात. महाराष्ट्रातला विकास आराखडा असेल तर प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६. त्यात कलम २६ खाली हरकती-सूचनांना ३० दिवस, आणि कलम २८ खाली नियोजन समितीपुढे म्हणणं मांडण्याची संधी. पण ही संधी ज्यांनी हरकत दिली आणि ऐकून घेण्याची विनंती केली त्यांना. बरेच लोक अर्जात 'मला समक्ष म्हणणे मांडायचे आहे' हे वाक्यच लिहीत नाहीत, आणि मग बोलावलं नाही म्हणून चिडतात.

प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीसाठीची जनसुनावणी असेल तर १४ सप्टेंबर २००६ ची केंद्राची अधिसूचना लागते. तिथे किमान ३० दिवस आधी जाहीर सूचना, संपूर्ण चित्रीकरण, आणि शेवटी इतिवृत्ताचा सारांश हजर लोकांना स्थानिक भाषेत वाचून दाखवणं, हे सगळं सक्तीचं आहे. गंमत म्हणजे त्या सुनावणीला गणसंख्येची अट नाही. चार माणसं आली तरी 'जनसुनावणी' झाली! आणि शहरातल्या मोठमोठ्या इमारत प्रकल्पांना त्याच अधिसूचनेने या जनसुनावणीतून वगळलेलं आहे. म्हणजे शहरवासीयाच्या डोळ्यांसमोर जे सगळ्यात जास्त उगवतं, त्याबद्दल या वाटेने त्याला कुणी विचारत नाही.

विजेच्या दराचं वेगळंच. २००३ च्या वीज कायद्यात कलम ६४ प्रमाणे वीज नियामक आयोगाने लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत आदेश द्यायचा असतो. तिथे आदेशात मुद्द्यागणिक कारणं लिहावी लागतात, म्हणून त्या सुनावण्या मला थोड्या जास्त खऱ्या वाटतात. वर अपील होणार हे माहीत असलं की माणूस जपून लिहितो.

दणका
हे सगळं ठीक आहे, पण कलमं वाचून रस्ते थांबत नाहीत. रस्ते थांबतात ते रस्त्यावर उतरल्याने. मोर्चा काढा, कॅमेरे बोलवा, नाहीतर कोर्टात जा. सुनावणी हा प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा प्रकार आहे. वाफ जाते, शिजायचं ते आत शिजतच राहतं.

अर्धविराम
@दणका: उपमा झकास, पण शिट्टी नसेल तर काय होतं तेही आठवा.

दूरदेशी
मी गेली बरीच वर्षं कॅलिफोर्नियात आहे. इथे १९५३ पासून ब्राउन कायदा आहे. नगर परिषदेच्या नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावीच लागते, आणि प्रत्येक विषयावर निर्णयापूर्वी लोकांना बोलू द्यावं लागतं. व्यासपीठावर हिरवा-पिवळा-लाल दिवा. लाल झाला की वाक्य अर्धवट सोडून बसायचं. मला यातली आवडलेली एक तरतूद म्हणजे दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला दुप्पट वेळ द्यावा लागतो. किती साधी गोष्ट, पण कुणीतरी विचार केलेला दिसतो.

आता नावडलेलं. मी चार-पाच वेळा गेलो. दर वेळी तीच डझनभर मंडळी. एक आजोबा तर विषय कुठलाही असो, त्यांच्या गल्लीतल्या पार्किंगवरच बोलतात. ग्रंथालयाचं बजेट? पार्किंग. सांडपाणी? पार्किंग. सदस्य इतक्या सवयीने मान हलवतात की मला खरंच कौतुक वाटतं.

खडूस
त्या आजोबांना इथला आयडी काढून द्या. प्रत्येक धाग्यावर एक लागतोच.

विदाभक्त
दूरदेशींच्या 'तीच डझनभर मंडळी'ला आकडे आहेत. बॉस्टन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पूर्व मॅसॅच्युसेट्समधल्या ९७ गावा-शहरांतल्या नियोजन मंडळांची इतिवृत्तं चाळली. नव्या घरबांधणीवर बोलायला आलेल्यांपैकी सुमारे ६३ टक्के विरोधात बोलले, बाजूने साधारण १५ टक्के. आणि बोलणारे कोण? त्या गावाच्या सरासरीपेक्षा वयाने मोठे, जास्त करून पुरुष, स्वतःचं घर असलेले, तिथे जुने राहिलेले. ज्यांना त्या नव्या घरात राहायला यायचं होतं ते साहजिकच तिथे नव्हते. ते अजून त्या गावचे झालेलेच नाहीत!

महामारीत बैठका ऑनलाइन झाल्या तेव्हा वाटलं की आता तरुण, भाडेकरू, लहान मुलं असलेले येतील. त्याच मंडळींनी तेही तपासलं. फारसा फरक नाही. घरबसल्याही तेच लोक बोलले.

म्हणून मला 'सुनावणी म्हणजे लोकांचा आवाज' हे वाक्य ऐकवत नाही. तो मोकळा वेळ असलेल्या लोकांचा आवाज आहे.

सांजवारा
+१००. गुरुवारी सकाळी अकरा! त्या वेळी कोण मोकळं असतं? माझी शिफ्ट, मुलाची शाळा, सासूबाईंची फिजिओथेरपी. मागच्या वर्षी आमच्याकडे बसथांबा हलवायचा होता. त्या थांब्यावर रोज मी उभी राहते. पण सुनावणीला गेले ते थांब्यामागच्या दुकानांचे मालक आणि ज्यांच्या फाटकापुढे थांबा होता ते गृहस्थ. थांबा हलला. आता मी उन्हात दहा मिनिटं जास्त चालते. आणि इतिवृत्तात लिहिलंय 'उपस्थित नागरिकांनी एकमताने पाठिंबा दर्शविला'. एकमतच होणार, बसवाले सगळे बसमध्ये होते!

आणि कृपा करून 'जागरूक नागरिकाने वेळ काढायला हवा' असं कुणी लिहू नका. लिहिलंत तर त्या वेळात आमच्याकडे येऊन सासूबाईंना घेऊन जा.

जागल्या
सांजवारा, लिहिणारच होतो, खोडलं.

कडेलोट
आता मी थोडं उलटं बोलतो. बाकसाहेब, राग मानू नका. त्या रस्त्यावरून जाणारे किती असतील आणि मैदान-वाचनालयवाले किती? रुग्णवाहिका अडकत असेल तर तिच्यातला पेशंट सुनावणीला येणार आहे का? सांजवारांच्या बसथांब्याचा न्याय इथेही लावा. तुम्ही या गोष्टीत फाटकवाले आहात की बसवाले, हे स्वतःला विचारून बघा.

शेवटचा_बाक
कडेलोट, राग नाही आला असं म्हणत नाही. रात्री उशिरापर्यंत हेच डोक्यात होतं.

खरं सांगायचं तर मला रस्ता नकोच आहे असं नाही. संध्याकाळी तिथे कोंडी होते, हे मीही बघतो. माझं म्हणणं इतकंच की कोंडी चौकात होते आणि रुंद करताहेत चौकाच्या अलीकडचा पट्टा. पण हे मी अर्जात लिहिलंच नाही. अर्जात 'वाचनालय ही आमची अस्मिता आहे' वगैरे लिहिलंय. आता वाचून मलाच कसंतरी होतंय.

रेघोटी
हे बोला!! चौकाचं बोला. अस्मितेला आमच्याकडे रकाना नाही.

नकाशेवाला
धागा वाचतोय, दोन पैसे माझे.

शेरी आर्नस्टाइन नावाच्या बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची एक शिडी मांडली होती. आठ पायऱ्या. तळाला लोकांना हाताळणं, अगदी वर सत्ताच लोकांच्या हाती. जाहीर सुनावणी त्यात चौथ्या पायरीवर, 'सल्लामसलत' या खान्यात, आणि तो खानाच त्यांनी देखाव्याच्या गटात टाकला. कारण हेच, की तिथे लोक ऐकवू शकतात, पण ऐकलंच जाईल याची हमी कुणी देत नाही.

मला मात्र शिडीपेक्षा ब्रिटनमधला एक निवाडा जास्त कामाचा वाटतो. १९८५ चा, लंडनच्या ब्रेंट कौन्सिलविरुद्ध गनिंग, वाद शाळांच्या फेररचनेचा. त्यातून चार कसोट्या रूढ झाल्या. प्रस्ताव अजून घडत असतानाच लोकांना विचारलं पाहिजे. त्यांना नीट विचार करता येईल इतकी कारणं दिली पाहिजेत. पुरेसा वेळ दिला पाहिजे. आणि आलेलं म्हणणं निर्णय घेताना मन लावून विचारात घेतलं पाहिजे. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हॅरिंगे कौन्सिलच्या प्रकरणात ह्याच कसोट्या लावून ठरवलं की लोकांना इतर पर्याय सांगितलेच नाहीत, म्हणून ती सल्लामसलत बेकायदा. युरोपातल्या १९९८ च्या आर्हूस करारातही तेच आहे: सगळे पर्याय खुले असताना, सुरुवातीलाच लोकांना सामील करा.

रेघोटीताईंनी सांगितलेल्या पाच-सहा सह्या आणि ही पहिली कसोटी शेजारी-शेजारी ठेवून बघा. रोग बरोबर तिथे आहे. सुनावणी वाईट नाही, ती उशिरा आहे. सह्या व्हायच्या आधी, नकाशावर पेन्सिलच्या तीन रेघा असताना लोकांना बोलावलं असतं तर आजींचा ओढा पहिल्याच दिवशी कळला असता आणि मोजणीही एकदाच झाली असती.

दणका
आणि त्या पेन्सिलच्या रेघा बघून आधी पोचणार कोण? जमिनी घेऊन ठेवणारे. लवकर सांगा म्हणणं सोपं आहे.

रेघोटी
@दणका: हा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडे धड उत्तर नाही. मात्र जमिनीवाल्यांना आजही आधीच कळतं. न कळणारे तेवढे इतर सगळे.

अर्धविराम
अवांतर: हे सगळं वाचून कालची एक नोटीस पुन्हा काढली. 'सदरहू प्रस्तावान्वये उपरोक्त मिळकतीचे अनुज्ञेय क्षेत्रापैकी बाधित क्षेत्र वगळता उर्वरित क्षेत्राबाबत संबंधितांची काही हरकत असल्यास...' तिसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की बाधित होणारा मीच आहे.

खडूस
अनुवाद: 'तुमच्या घराचा थोडा भाग जाणार आहे. उरलेल्याबद्दल काही बोलायचं असेल तर बोला. जाणाऱ्याबद्दल नको.'

सांजवारा
'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' = फाइल ठेवली आहे.
'बाब विचाराधीन आहे' = फाइल सापडत नाही.

जागल्या
'धोरणात्मक बाब असल्याने' = आम्हालाही कुणी विचारलेलं नाही.

रेघोटी
हसले, पण एक खरी गोष्ट सांगते. ही भाषा लपवण्यासाठी लिहिली जाते असं लोकांना वाटतं. बहुतेकदा ती फक्त मागच्या नोटिशीवरून उतरवलेली असते, आणि मागची तिच्या मागच्यावरून. सुरुवात कुणी केली कुणालाच माहीत नाही. एकदा मी साध्या मराठीत मसुदा केला: 'अमुक रस्ता इतका रुंद होणार आहे, तुमची जागा त्यात येते का ते या नकाशात पाहा.' वरून शेरा आला: 'भाषा कार्यालयीन नाही.'

संपादक
अवांतर गोड आहे, पण शब्दकोशासाठी वेगळा धागा काढा. इथे मूळ प्रश्नावर बोलूया.

पाटीपेन्सिल
मूळ प्रश्नाकडे जाताजाता एक किस्सा. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या खालच्या भागातून दहापदरी द्रुतगती मार्ग काढायचा घाट होता. १० एप्रिल १९६८ ला सुनावणी झाली. शहरांवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स बोलायला गेल्या तर मायक्रोफोन अधिकाऱ्यांकडे नव्हे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवलेला! म्हणजे लोकांनी लोकांनाच ऐकवायचं, आणि ऐकायला आलेले अधिकारी पाठीमागे. जेकब्सबाईंनी नेमकं यावरच बोट ठेवलं. मग काही लोकांना घेऊन त्या मंचावरून चालत गेल्या. गडबडीत नोंद करणाऱ्या बाईच्या यंत्राची कागदी पट्टी विस्कटली. जेकब्सनी जाहीर केलं की नोंद नाही, म्हणजे सुनावणी झालीच नाही. त्यांना अटक झाली. पुढच्या वर्षी, १९६९ मध्ये, तो रस्ताच नकाशावरून काढला गेला.

दणका आनंदतील. पण मला यातली नोंदीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्या बाईंना कळलं होतं की सुनावणीचा जीव त्या कागदी पट्टीत आहे.

दणका
आनंदलो. :D पण रस्ता अटकेने थांबला, पट्टीने नाही.

कलम_बहाद्दर
दोन्हींनी, आणि बरीच वर्षं आधीपासून चाललेल्या विरोधाने. पट्टीचा मुद्दा मात्र सोन्यासारखा आहे. बाकसाहेब, इतिवृत्तात तुमचं वाक्य कसं लिहिलं गेलं ते बघितल्याशिवाय निघू नका. तोंडी बोलाल ते लेखीही द्या आणि पोच घ्या. पुढे कोर्टात जायची वेळ आली तर 'मी हे बोललो होतो' याला किंमत नाही, 'मी हे दिलं, ही पोच' याला आहे.

विदाभक्त
सुनावणीला पर्याय म्हणून ब्राझीलमधलं पोर्तो अलेग्रे कुणी आणलं नाही अजून? १९८९ पासून तिथे वस्तीवस्तीत सभा घेऊन लोकच ठरवायचे की भांडवली कामांचा पैसा आधी कशावर: नळ, गटार, रस्ता की शाळा. प्रतिनिधी निवडायचे आणि ते पुढे महापालिकेशी घासाघीस करायचे. पाणी आणि सांडपाण्याची जोडणी १९८८ मध्ये ७५ टक्के घरांना होती, ती १९९७ पर्यंत ९८ टक्क्यांवर गेली. सगळं श्रेय सभांना देता येणार नाही, पण काहीतरी नक्कीच. मुख्य म्हणजे तिथे गरीब वस्तीतले लोक जास्त यायचे, कारण गेलं की गटार मिळतं हे दिसत होतं. मॅसॅच्युसेट्सच्या बरोबर उलटं.

कडेलोट
कारण तिथे 'काय हवं' विचारत होते. सुनावणीत 'काय नको' एवढंच विचारतात. शब्दच बघा ना, हरकत. नाव हरकतीचं ठेवलं तर बाजूने बोलणारा कशाला येईल? 'सूचना' नुसती शेपटीला जोडलेली.

नकाशेवाला
कडेलोट, हे भारी निरीक्षण आहे. या दृष्टीने कधी पाहिलंच नव्हतं.

जागल्या
चिठ्ठी टाकून माणसं निवडली तर? पॅरिसने २०२१ मध्ये शंभर नागरिकांची कायमची सभा अशीच सोडत काढून केलीय. आणि आपल्याला ते परकं वाटायला नको. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातल्या शिलालेखात ताडपत्राच्या चिठ्ठ्या मडक्यात घालून समित्या निवडायची रीत कोरलेली आहे.

खडूस
त्या रीतीत ज्याने आधीच्या समितीचा हिशेब दिला नाही तो अपात्र होता. म्हणून ती आपण पुढे चालवली नाही.

सांजवारा
बाक, उद्या गुरुवार ना? जाताय?

शेवटचा_बाक
जातोय. काल आणि परवा संध्याकाळी चौकात उभं राहून मोजलं. सहा ते सात. दर सिग्नलला किती गाड्या सुटतात, किती मागे राहतात. बाबाही आले, ते वही धरून बसले होते. वाचनालयाजवळच्या पट्ट्यात वाहतूक मोकळीच असते. अडतं ते चौकातल्या डाव्या वळणावर. एका पानात मांडलंय, खाली हाताने काढलेला नकाशा.

रेघोटी
पहिल्या वाक्यात हरकत नको, मागणी सांगा. 'डाव्या वळणासाठी वेगळी मार्गिका करा, मग पट्टा रुंद करायची गरज राहते का ते तपासा.' 'तपासा' हा शब्द ठेवा. तपासायला फार सह्या लागत नाहीत.

कलम_बहाद्दर
आणि कारणासह लेखी उत्तर द्यावे, ही शेवटची ओळ.

शेवटचा_बाक
जाऊन आलो.

अकराची वेळ होती, सुरू झालं पावणेबाराला. आम्ही चाळीसएक असू. विदाभक्त, आकडा नाही, अंदाज: निम्म्याहून जास्त साठीपुढचे, बायका सात. माझा नंबर एकविसावा. आधीचे बरेच जण वाचनालयावर कळकळीने बोलले, एकांना रडू आलं. साहेब मोबाइलमध्ये नव्हते, पण ऐकतही नव्हते. फाइल चाळत होते.

मी कागद पुढे केला आणि चौक म्हटलं, तेव्हा साहेबांच्या शेजारी बसलेल्या एका तरुण बाईंनी मान वर केली. त्यांनी विचारलं, 'मोजलं कधी?' वार आणि वेळ सांगितली. 'पाऊस होता?' नव्हता. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. साहेब म्हणाले, वाहतूक सर्वेक्षण झालेलं आहे. मी विचारलं, कधी. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, 'शाळांना सुट्टी होती तेव्हा.' एकदम शांतता. मग साहेब म्हणाले, 'नोंद घेतली आहे. पुढचे.'

सांजवारा, तुमची आठवण झाली म्हणून शेवटी एक वाक्य जास्तीचं बोललो. पुढची सुनावणी संध्याकाळी ठेवा म्हटलं. त्यावर मात्र सगळ्या सभागृहात टाळ्या पडल्या. साहेब हसले. ते इतिवृत्तात येईल असं वाटत नाही.

पोच घेतली, शिक्का नीट उमटलेला नाही पण आवक क्रमांक वाचता येतो. इतिवृत्ताची प्रत मागायचा अर्जही तिथेच दिला. निर्णयाला काही महिने लागतील म्हणाले.

कडेलोट
मोजायला गेलात तेव्हा रुग्णवाहिका दिसली का?

शेवटचा_बाक
एक. डाव्या वळणावर अडकली होती. कागदात लिहिलंय.

खडूस
खुर्च्या?

शेवटचा_बाक
प्लॅस्टिकच्या. माझी एका पायाने अधू होती.

रेघोटी
त्या तरुण बाईंचं पद विचारून ठेवा. कागद तिच्याच टेबलावर जाईल.